जोर किती, यापेक्षा जोर कधी

आलापल्ली सोडली की भामरागडचा रस्ता जंगलात शिरतो. साठेक किलोमीटरवर हेमलकसा. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात सगळ्या वाटा बंद होत आणि पेशंट चालत किंवा खाटेवरून येत. आता गाड्या येतात. पण कमाल वेग इथे कुणाच्या कामाचा नाही. नाल्यातून वर निघताना, भरल्या गाडीत, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने दम सोडू नये, एवढंच मागणं. ते पुरं करायचं काम बरंचसं टर्बोकडे असतं.

इंजिनात जास्त डिझेल ओतणं सोपं. ते जाळायला हवा हवी. लोहाराचा भाता जे करतो तेच टर्बो करतो, फक्त भाता ओढायला माणूस लागत नाही. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून आत ढकलतं. वेग मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांपर्यंत जातो. हा जादा दाब म्हणजे बूस्ट. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं.

बूस्ट एक बार असेल तर आत जाणाऱ्या हवेचा दाब साधारण दुप्पट होतो. पण ताकद दुप्पट होत नाही. दाबलेली हवा तापते, तापली की विरळ होते. म्हणून मध्ये इंटरकूलर बसवतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ४६-४७ अंशांच्या उन्हात तोही हतबल होतो: २० अंशांच्या हवेपेक्षा ही हवा मुळातच सुमारे ८ टक्के विरळ.

नाशिकच्या कारखान्यातून निघणाऱ्या बोलेरोचे आकडे पाहा. जुन्या चार सिलिंडरच्या २५२३ सीसी इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १९५ न्यूटन मीटर. २०१६ च्या पॉवर प्लसमध्ये इंजिन तीन सिलिंडरचं, १४९३ सीसीचं झालं. लिटरभराने लहान, तरी टॉर्क तोच, १९५, आणि तोही १४०० आरपीएमपासून. म्हणजे लिटरमागे ७७ वरून १३१ न्यूटन मीटर. २०२० मध्ये त्याच मापाच्या इंजिनातून २१० निघाला, १६०० पासून. बोलेरो निओमध्ये २६०, १७५० पासून. शक्ती ७५ ऐवजी १०० हॉर्सपॉवर. आकडा वाढत गेला, तसा पूर्ण जोर मिळण्याचा आरपीएमही वर सरकला.

यात टर्बोच्या निवडीचं मर्म आहे. लहान टर्बोचं चाक हलकं. थोड्या धुरावरही फिरतं, खालच्या आरपीएमला बूस्ट देतं. वर मात्र तो धुराच्या वाटेत अडथळा होतो, म्हणून वेस्टगेटमधून जादा धूर बाहेर सोडावा लागतो. मोठा टर्बो वर भरपूर हवा देतो, पण पेडल दाबल्यावर क्षणभर थांबायला लावतो. हाच लॅग. पाती फिरवून धुराची वाट अरुंद-रुंद करणारा व्हीजीटी दोन्ही साधायचा प्रयत्न करतो. रांजणगावच्या कारखान्यातलं फियाटचं १२४८ सीसी मल्टीजेट साध्या टर्बोने सुमारे ७५ हॉर्सपॉवर देई, व्हीजीटीसह सुमारे ९०.

रीमॅपिंग करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून, बूस्ट वाढवणारे शहरात भेटतात. जादा हवेसोबत जादा डिझेल आणि जादा ताप येतो. तो पिस्टन, हेड गॅस्केट आणि क्लचला सोसावा लागतो. हायवेवर त्याची मजा असेल, पण जिथे जवळपास गॅरेज नाही तिथे तो धोका कशाला घ्यावा? त्यापेक्षा धुळीने भरलेला एअर फिल्टर वेळेवर बदलावा, होज पाईपची क्लिप सैल नाही ना बघावं, वेळच्या वेळी तेल बदलावं. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावरच फिरतो. म्हणून लांबून ताणून आल्यावर लगेच चावी बंद करू नये, अर्धा-एक मिनिट इंजिन सावकाश चालू द्यावं. काळा धूर वाढला, पिकअप गेला, तर आधी या गोष्टी तपासाव्यात.

गाडी घेताना हॉर्सपॉवर सगळेच विचारतात. भामरागडच्या रस्त्यावर जाणाऱ्याने पूर्ण टॉर्क किती आरपीएमला सुरू होतो, हेही विचारावं. ब्रोशरमध्ये तो आकडा बारीक अक्षरात का होईना, असतोच.