बिनपगारी कारागीर कोणत्या हत्याराला हात लावतो?

कारखान्यात माणूस ठेवायचा तर आधी रोजी ठरते. पण रोजीच द्यायची नसेल तर कारागीर यावा कशासाठी? संगणकाच्या क्षेत्रात असे कारखाने आहेत, जिथे जगभरचे लोक फावल्या वेळात एक पैसाही न घेता काम करतात. त्यांच्या मालाला ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणतात. त्याचा कोड सर्वांना खुला असतो. कोणीही तो वापरावा, दुरुस्त करावा, पुढे द्यावा.

हा कोड सी, सी प्लस प्लस, पायथॉन, रस्ट अशा एखाद्या भाषेत लिहिलेला असतो. भाषा म्हणजे या कारागिराचे हत्यार. ते निवडताना आपल्या शेजारी कोण येऊन बसणार, हेही बऱ्याच अंशी ठरून जाते.

'फिश' या प्रोग्रामचे उदाहरण घ्या. संगणकाला टाईप करून हुकूम देण्याचे हे साधन 2005 पासून चालू आहे. ते सी प्लस प्लसमध्ये होते. 2023 च्या जानेवारीत पीटर अॅमन यांनी ते रस्टमध्ये आणण्याचा प्रस्ताव मांडला. जुन्या भाषेच्या तांत्रिक अडचणी होत्याच, पण नवे मदतनीस त्या भाषेकडे वळत नाहीत, हेही एक कारण होते. चालू मागाचे सुटे भाग एकेक करून बदलावेत, तसा कोड तुकड्यातुकड्याने बदलला गेला. सी प्लस प्लसच्या सुमारे 57 हजार ओळींच्या जागी रस्टच्या सुमारे 75 हजार ओळी आल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये 4.0 ही आवृत्ती निघाली, तिला दोनशेहून अधिक लोकांचे हात लागले होते.

तोटाही झाला. सिग्विनवर काम करणारे गिऱ्हाईक त्या आवृत्तीला मुकले, कारण रस्ट तेव्हा तिथे चालत नव्हते. शिवाय, दोनशे हात केवळ रस्टमुळे आले असे आम्ही म्हणणार नाही. फिशची बरीच किरकोळ कामे त्याच्या स्वतःच्या सोप्या भाषेत होतात. नवशिक्याला तिथूनच आत शिरता येते.

लिनक्सच्या गाभ्याचे बहुतेक काम सी भाषेत चालते, तरी तिथे माणसांची वाण नाही. कारण तिथल्या बहुतेकांना त्यांच्या कंपन्या पगार देतात. पगार असेल तर माणूस जुन्या हत्याराशीही झटतो. पगार नसेल तिथे नवे शिकायला मिळणे आणि कामाचा आनंद हीच मजुरी.

व्यापारी बंधूंना याचे काय? हिशेब आणि मालाच्या नोंदीसाठी फुकटचा प्रोग्राम घेताना आपण किंमत पाहतो, दुरुस्ती कोण करील हे विचारत नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स आहे आणि मुख्यतः पायथॉन व जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले आहे. या भाषा शिकलेली मुले आपल्या गावातही सापडतील. दुर्मिळ भाषेतला प्रोग्राम घेतला आणि तो बिघडला, तर तो फुकटचा माल महागात पडेल.

आणि संगणक शिकणाऱ्या मुलांना आम्ही एवढेच सांगू : जी भाषा येते त्याच भाषेतला प्रकल्प शोधा, एक लहानशी चूक दुरुस्त करून पाठवा. ज्या कारखान्यात नवा शागीर्द येत नाही, तिथला हुन्नर उस्तादाबरोबरच संपतो.