'स्कायरिम'मध्ये मॉड टाकले की गेम का बंद पडतो? क्रम नेमका कसा लावायचा?

गेम सुरू केला, लोगो दिसला आणि थेट डेस्कटॉप. एरर नाही, काही नाही. 'स्कायरिम'मध्ये पहिल्यांदाच २०-२५ मॉड टाकणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो.

'द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम' हा बेथेस्डाचा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. तो आजही खेळला जातो, याचं मोठं श्रेय मॉड्सना जातं. मॉड म्हणजे खेळाडूंनीच तयार केलेले बदल. त्यात नवी शस्त्रं असतात, नवी गावं असतात, कधी अख्खी नवी कथा असते.

या फाइल्स थेट गेमच्या 'डेटा' फोल्डरमध्ये टाकता येतात, पण तो मार्ग टाळलेलाच बरा. एकाच नावाची दुसरी फाइल आली की पहिली पुसली जाते आणि मग काय बदललं हे शोधणं कठीण. 'मॉड ऑर्गनायझर २' हे मोफत टूल प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि गेम चालू असताना त्याला फक्त एक आभासी 'डेटा' फोल्डर दाखवतं. मूळ फाइल्सना धक्का लागत नाही. गेम मात्र 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये ठेवू नका, तिथे विंडोजची परवानगीची बंधनं आडवी येतात.

खरा गोंधळ होतो तो क्रमाचा, कारण या टूलमध्ये क्रम दोन आहेत. डावीकडच्या यादीत चित्रं, आवाज अशा फाइल्सचा क्रम असतो, तर उजवीकडे प्लगइनचा. दोन्हीकडे नियम एकच: खालचा जिंकतो. भिंतीवर एकावर एक पोस्टर चिकटवली, तर शेवटचंच दिसतं, तसं.

प्लगइनमध्ये हे जास्त महागात पडतं. समजा, एका मॉडने तलवारीची धार वाढवली आणि दुसऱ्याने तिचं वजन कमी केलं. गेम दोन्ही बदल एकत्र करत नाही. खालच्या मॉडची अख्खी नोंद घेतो, त्यामुळे वजन कमी होतं, पण धार पुन्हा जुनीच. 'एसएसई एडिट'मध्ये अशा नोंदी शेजारी-शेजारी दिसतात आणि दोन्ही बदल असलेला छोटा पॅच बनवता येतो. 'लूट' हे टूल प्लगइन आपोआप लावून देतं. डावीकडच्या यादीला मात्र ते हात लावत नाही.

२०१६च्या स्पेशल एडिशनमध्ये पूर्ण प्लगइनची मर्यादा २५४ आहे आणि त्यात गेमच्या स्वतःच्या ५ फाइल्सही आल्या. 'लाइट' प्लगइन यात मोजले जात नाहीत.

अनेक मोठ्या मॉड्सना 'स्क्रिप्ट एक्स्टेंडर' म्हणजे एसकेएसई लागतं. ते गेमच्या नेमक्या आवृत्तीशी जुळावं लागतं. नोव्हेंबर २०२१च्या अपडेटनंतर त्यावर चालणारे असंख्य मॉड एका रात्रीत बंद पडले होते. म्हणून स्टीममध्ये 'गेम सुरू केल्यावरच अपडेट' हा पर्याय निवडा आणि गेम नेहमी मॉड ऑर्गनायझरमधून, एसकेएसईच्या लोडरने सुरू करा.

सगळ्यात मोठा धोका असतो सेव्ह फाइलला. मॉडच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये साठतात, त्यामुळे अर्ध्या वाटेत मॉड काढला, तर शंभर तासांचा खेळ बिघडू शकतो आणि तो बिघाड कधी कधी बऱ्याच उशिरा दिसतो. नवा मॉड तपासायचा असेल, तर मॉड ऑर्गनायझरमध्ये वेगळं प्रोफाइल बनवा, त्याच्या सेव्ह वेगळ्या ठेवण्याचा पर्याय सुरू करा आणि तिथे नवा खेळ सुरू करून बघा.