तार ओढणारे हात

फायबरचा जॉइंट मारायला दोनच मिनिटं लागतात. पण त्याआधीची साफसफाई चुकली, तर ग्राहकाच्या घरातल्या बॉक्सवर लाल दिवा लुकलुकत राहतो आणि फोनवर फोन सुरू होतात. मुंबईजवळच्या मिरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत केबल आणि इंटरनेटचं काम करणाऱ्या एका दादांबरोबर मी जिने चढलो-उतरलो, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ पुसण्यातच जात होता. स्ट्रिपरनं वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं ओल्या केलेल्या टिश्यूनं आतली काच पुसायची, क्लीव्हरवर ठेवून सरळ कापायची. काच सव्वाशे मायक्रॉन जाडीची. कापलेला तुकडा आठवणीनं डबीत टाकायचा, कारण तो त्वचेत रुतला तर डोळ्याला दिसत नाही. मग दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर येतात, विजेची बारीक ठिणगी पडते आणि पडद्यावर आकडा उमटतो: 0.01 डीबी. जोडावर स्लीव्ह तापवून बसवली की पॉवर मीटर लावायचा. उणे 20च्या आसपास असलं तर दादा सामान आवरतात. उणे 27च्या खाली गेलं तर पुन्हा पहिल्यापासून.

गच्चीवर जुन्या काळ्या कोॲक्सियल वायरींचे गुंते अजून पाइपांना बांधलेले दिसतात. दादांनी उमेदीची वर्षं त्यांच्यातच घालवली. त्यांच्याकडे वसुलीची एक जुनी वही आहे, आणि मला त्या जॉइंटइतकीच ती महत्त्वाची वाटली. फ्लॅट नंबर, महिना, रक्कम, आणि समोर पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘पगार 10 ला’, ‘कंपनी बंद’, ‘मुलगा दुबईला’, ‘दोन टीव्ही झाले’. कुठल्या घरात पैसा आला आणि कुठल्या घरातून गेला, हे या वहीइतकं स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेलं नाही. घराची ओढाताण सुरू झाली की दूध आणि शाळेची फी शेवटपर्यंत टिकते. केबलचं बिल आधी लांबणीवर पडतं.

एका मजल्यावर नायजेरियन भाडेकरूंकडे काम होतं. तयार कपडे मुंबईतून लागोसला पाठवणारं हे कुटुंब. लाल दिवा हिरवा झाला तशी घरातल्या ताईंनी यूट्यूबवर नायजेरियन सिनेमा लावला: मोठा बंगला, पांढरी गाडी, आणि घरातल्यांचं पैशावरून पेटलेलं भांडण. दादा उभ्याउभ्या पाहत राहिले. भाषा कळत नव्हती, गोष्ट कळत होती.

या सिनेमाचा जन्मही दादांसारख्याच, कॅसेटी विकणाऱ्या माणसांच्या हातून झालेला आहे. 1986मध्ये नायजेरियानं आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम स्वीकारला, तिथल्या चलनाची, नायराची किंमत ढासळली, चित्रपटगृहं ओस पडत गेली. अशा काळात केनेथ न्नेब्युए या व्यापाऱ्यानं 1992मध्ये ‘लिव्हिंग इन बॉन्डेज’ हा इग्बो भाषेतला चित्रपट थेट व्हीएचएस कॅसेटवर आणला. श्रीमंतीच्या हव्यासापायी बायकोचा बळी देणाऱ्या माणसाची ही कथा. नॉलिवूड म्हणून आज जगाला ठाऊक असलेला उद्योग या यशानंतर फोफावला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला भारतात झी टीव्ही सुरू झालं. आदल्या वर्षी आपली अर्थव्यवस्था खुली झाली होती. दोन्हीकडे सरकारी दूरदर्शनबाहेरचं चित्र घरात आणलं ते गल्लीतल्या धडपड्या माणसांनी, आणि त्या चित्रात पहिल्यांदा दिसली ती इतरांची श्रीमंती. हातात पैसा येण्याआधी तो कसा दिसतो हे माणसांना कळलं. मला हा बदल कारखान्यांच्या आकडेवारीइतकाच खोल वाटतो.

पुढे आपलीच चित्रं तिकडे गेली. 2015मध्ये डीएसटीव्ही या आफ्रिकेतल्या सशुल्क टीव्ही सेवेवर झी वर्ल्ड ही वाहिनी सुरू झाली, हिंदी मालिका इंग्रजीत डब होऊन आफ्रिकेतल्या घरांत पोचल्या. घानात ‘कुमकुम भाग्य’ ट्वी भाषेत डब होऊन इतकी गाजली की त्या ताईंच्या घानातल्या मैत्रिणीला पात्रांची नावं तोंडपाठ आहेत. ताईंनी हे सांगितलं तेव्हा दादा खुलले. ती मालिका त्यांनी या इमारतींत वर्षानुवर्षं पोचवली होती.

आता वही बंद आहे. मुंबईत 2012च्या अखेरीस सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, फेब्रुवारी 2019पासून वाहिनीगणिक दर आले, आणि रिचार्ज फोनवरून होऊ लागला. मुदत संपली की चित्र आपोआप जातं. ‘दादा, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देते’ असं म्हणायला दारात कुणी उभंच नसतं. पूर्वी त्या एका वाक्यावर महिना निघायचा, आणि दादांना कुणाची नोकरी गेली ते समजायचं. ही सवलत कुठल्याही दरपत्रकात नव्हती, म्हणून ती गेल्याची नोंदही कुणी घेतली नाही. मला ती गेल्याचं वाईट वाटतं.

नायजेरियातही अनेक घरांतलं चित्र गेलं: जून 2023मध्ये नायरा कोसळला, दर वाढत गेले आणि लाखो घरांनी डीएसटीव्ही व गोटीव्ही या सशुल्क सेवा सोडल्या. डेकोडर बंद पडलेली माणसं सामन्याच्या दिवशी वस्तीतल्या व्ह्यूइंग सेंटरमध्ये थोडे पैसे भरून बाकांवर दाटीवाटीनं फुटबॉल बघतात. पूनम सागरमध्ये तशी जागा नाही. इथे चित्र गेलं की घरातला एकुलता एक मोबाइल हातोहाती फिरतो, आणि मुलाच्या अभ्यासाचा डेटा संध्याकाळीच संपतो.