गोव्यात छापलेलं पुस्तक, गोव्यात जाळलेली हाडं

युरोपातला मानवतावाद म्हटला की आपण फ्लॉरेन्सकडे बघतो. पण त्याचा एक धागा आपल्या जुन्या गोव्यातही सापडतो.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. इथल्या औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, तोही लॅटिनऐवजी पोर्तुगीजमध्ये. त्यात रुआनो हे काल्पनिक पात्र जुन्या ग्रीक-अरबी ग्रंथांचे दाखले देतं. ऑर्ता मात्र स्वतः पाहिलेलं आणि इथल्या वैद्य-हकिमांकडून कळलेलं सांगतो. मोठ्यांचे ग्रंथही चुकू शकतात, हे उघड म्हणणं हीच त्यातली नवी गोष्ट.

पण १५६० पासून याच शहरात इन्क्विझिशनही बसलं होतं, आणि ऑर्ता होता धर्मांतरित ज्यू घराण्यातला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जाळण्यात आलं. १५८० मध्ये तर ऑर्ताची हाडं उकरून जाळली.

पुस्तक मात्र वाचलं. क्लुसियसने केलेला त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्येच अँटवर्पला छापून झाला होता, आणि तो युरोपात पसरला. छापखाना आणि धर्मन्यायालय, दोन्ही एकाच शहरात, एकाच पिढीत. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला आज ऑर्ताचं नाव आहे. तिथे गेलात तर हे जरूर आठवा.