सागरगडाची चढण आणि एक चुकलेली तुलना

थंडीत अलिबागकडे येताना खंडाळ्याजवळ रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याचे वाफे दिसतात. भात निघालं की त्याच जमिनीत कांदा, नाहीतर वाल. पहाटे या वाफ्यांवर चुलीच्या धुराचा पट्टा आडवा पसरलेला असतो. तो वर जात नाही, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर रेंगाळत राहतो. इथूनच सागरगडाची वाट सुरू होते आणि माझ्या पीएचडीतली पहिली मोठी चूकही इथूनच सुरू झाली. संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल, म्हणून आज ती सविस्तर सांगते.

प्रश्न काय होता?

उंचावर गेलं की हवा थंड होते, हे आपण शाळेत शिकतो. साधारण हिशोब असा, की दर किलोमीटरला सुमारे 6.5 अंश सेल्सिअस. सागरगडाचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण 400 मीटर. म्हणजे पायथ्यापेक्षा माथा अडीच अंशांच्या आसपास थंड असायला हवा.

पण हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उलटं होऊ शकतं. आकाशात ढग नसले की जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड, त्यामुळे ती उतारावरून ओघळत खाली सखल भागात साचते. वर तुलनेने उबदार हवा, खाली गार. याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात, अर्थात इन्व्हर्जन. मघाचा आडवा धूर ही त्याचीच खूण. खालच्या गार थरातून धूर वर उठू शकत नाही.

खंडाळ्याला हे खरंच होतं का आणि सकाळी किती वाजेपर्यंत टिकतं, एवढा साधा माझा प्रश्न होता.

मी काय केलं?

डिसेंबरमधल्या एका पहाटे एक डिजिटल तापमापक घेऊन निघाले. पायथ्याला नोंद घेतली. ओढ्याच्या कडेने चढत धोंडाण्याच्या धबधब्यासमोर (डिसेंबरात त्याची नुसती धार उरते) दुसरी, सिद्धेश्वराच्या देवळाजवळ तिसरी, माचीवर चौथी आणि गडाच्या माथ्यावर पाचवी. माथ्यावरून एका बाजूला अलिबागचा किनारा आणि कुलाबा किल्ला, दुसऱ्या बाजूला धरमतरची खाडी. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीपेक्षा जास्त! माचीवरच्या एका आजींनी तर विचारायच्या आधीच सांगितलं, "खाली गारठा जास्त, वर नाय एवढा." मी खूश. परत आले, आलेख काढला, एका परिषदेसाठी सारांशही लिहून टाकला. पाठवायला दोन दिवस बाकी होते.

मॅडमनी आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"अगं, तू वर पोचलीस तेव्हा खाली किती होतं?"

मला माहीत नव्हतं. मी तेव्हा खाली नव्हतेच ना!

चूक नेमकी कुठे?

समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. समजा, 6:30 ला पायथ्याला 16 अंश आणि 8:45 ला माथ्यावर 20 अंश. माथा चार अंशांनी उबदार, असं वाटतं. पण या सव्वादोन तासांत सूर्य वर आलाय. 8:45 ला पायथ्याला 18 अंश असतील, तर माथा खरोखरच उबदार, म्हणजे व्युत्क्रमण आहे. आणि पायथ्याला तेव्हा 22 अंश असतील तर? मग माथा दोन अंशांनी थंड, म्हणजे व्युत्क्रमण नाहीच. माझ्या हातातल्या दोन नोंदी दोन्ही वेळा त्याच, निष्कर्ष मात्र एकमेकांच्या अगदी उलट.

मी उंची बदलली, पण उंचीबरोबर वेळही बदलत गेली. फरक कोणामुळे पडला हे वेगळं काढायची सोयच मी ठेवली नव्हती. दोन कारणं अशी एकमेकांत गुंतून जाण्याला संशोधनाच्या भाषेत कन्फाउंडिंग म्हणतात. यावर संख्याशास्त्राचा उतारा नाही, हे आधी समजून घ्या. पाचाऐवजी पन्नास नोंदी घेतल्या असत्या, तरी त्याच चढणीवर, त्याच क्रमाने घेतलेल्या पन्नास नोंदी तितक्याच निरुपयोगी ठरल्या असत्या.

आणि आजींचं काय? त्या बहुतेक बरोबरच होत्या. पण त्यांचं बरोबर असणं माझ्या नोंदींनी सिद्ध होत नव्हतं. उत्तर खरं असणं वेगळं आणि आपण ते दाखवलेलं असणं वेगळं. सारांश मी पाठवला नाही. उरलेल्या थंडीत पुन्हा जाणं जमलं नाही आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागलं. पीएचडीत एक मोसम जाणं म्हणजे काय, ते क्षेत्रकाम करणाऱ्यांना सांगायला नको.

अलिबागलाच याचं उत्तर होतं

गंमत म्हणजे, ज्या माथ्यावर मी ही चूक केली तिथून खाली दिसणाऱ्या गावात हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नीट सोडवला गेला होता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी 1840 च्या दशकापासून होत होत्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून नानाभॉय मूस संचालक असताना चुंबकीय वेधशाळा सुमारे 30 किलोमीटरवर अलिबागला हलवली गेली. अलिबागच्या नोंदी 1904 मध्ये सुरू झाल्या. पण कुलाब्याच्या लगेच थांबवल्या नाहीत. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या.

का? जागा आणि काळ एकाच वेळी बदलले असते, तर पुढे दिसणारा फरक पृथ्वीचा की जागेचा, हे कोणालाच सांगता आलं नसतं. दोन वर्षं शेजारी शेजारी मोजल्यामुळे दोन जागांमधला फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. आजही चुंबकीय सर्वेक्षण करणारे एक उपकरण एका जागी ठेवतात आणि दुसरं घेऊन फिरतात. चुंबकीय क्षेत्र दिवसभरात आपलं आपण बदलतं. तो बदल स्थिर उपकरण टिपतं आणि फिरत्या नोंदींतून वजा करता येतो.

दुसरा हिवाळा

पुढच्या जानेवारीत आम्ही चार गोष्टी बदलल्या.

पहिली, दोन तापमापक. एक पायथ्याला मैत्रिणीजवळ, एक माझ्याकडे. दोघींनी दर पंधरा मिनिटांनी, घड्याळं जुळवून नोंद घ्यायची.

दुसरी, निघण्याआधी दोन्ही तापमापक अर्धा तास शेजारी शेजारी ठेवले. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक असू शकते आणि त्या विरुद्ध दिशांना गेल्या तर एक अंश होतो. आपण शोधतोय तो फरकच दोन-तीन अंशांचा!

तिसरी, सावली आणि धीर. उन्हात धरलेला तापमापक हवेचं नाही, स्वतःचंच तापमान सांगतो. पिशवीतून काढलेला स्थिरावायला काही मिनिटं घेतो. पहिल्या वर्षी मी तो हातात धरून चढले होते.

चौथी, उलटा क्रम. आदल्या रात्री मी माचीवरच आजींच्या पडवीत मुक्काम केला. (वालाच्या शेंगांची पोपटी झाली, हा क्षेत्रकामाचा अधिकृत भाग नाही.) पहाटे माथ्यावरून मोजायला सुरुवात केली आणि नोंदी घेत खाली उतरले.

या वेळी सूर्योदयाच्या सुमाराला माथा पायथ्यापेक्षा स्पष्टपणे उबदार होता आणि दोन्ही नोंदी एकाच मिनिटाच्या होत्या. ऊन चढलं तसा फरक कमी होत गेला, मग उलटला. मैत्रीण खाली बसून कंटाळली होती, पण तिच्या वहीत एक न सांगितलेली ओळ होती: आडवा धूर आता सरळ वर जायला लागला, आणि पुढे वेळ. फरक जवळपास शून्यावर आला तीच ती वेळ. एका दिवसाच्या नोंदींवरून "खंडाळ्याला नेहमी असंच होतं" असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी झालं, एवढं ठामपणे म्हणू शकते.

तुमच्या कामात

हे फक्त हवामानाचं नाही. समजा, तुम्ही पाणीटंचाईवर मुलाखती घेताय. किनाऱ्यावरची गावं डिसेंबरात केलीत आणि डोंगरातल्या वाड्या एप्रिलमध्ये. "डोंगरात टंचाई जास्त" हा निष्कर्ष डोंगराचा की एप्रिलचा? सोयीचा क्रम हा बहुतेक वेळा धोक्याचा क्रम असतो, कारण आपण जवळचं आधी करतो आणि लांबचं नंतर.

म्हणून आराखडा लिहून झाला की एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे "मी मुद्दाम काय बदलतेय", उजवीकडे "त्याबरोबर आपोआप काय बदलतंय": वेळ, मोसम, उपकरण, मोजणारी व्यक्ती. उजव्या रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी एक उपाय लिहा. ती स्थिर ठेवा, क्रम उलटा करा, किंवा कोणाला तरी पायथ्याला बसवा. आणि पायथ्याला बसणाऱ्याचं नाव शोधनिबंधात घालायला विसरू नका.