नखाखालची वस्ती

हातावर जंतूंची सर्वांत दाट वस्ती असते ती नखांखाली. तिथे ओलावा टिकतो आणि सॅनिटायझर नीट पोचत नाही. कृत्रिम नखांखाली तर हात धुतल्यावरही रोगजंतू जास्त उरतात.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत १९९७-९८ मध्ये नवजात अतिदक्षता विभागात स्यूडोमोनास या जिवाणूची लागण पसरली. लागण झालेली १६ बाळं दगावली. तपासात दोन परिचारिकांशी संबंध आढळला: एकीची नखं लांब, दुसरीची कृत्रिम. नखांमुळेच लागण पसरली, असं सिद्ध झालं नाही. पण इशारा पुरेसा होता.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, रुग्णसेवेत कृत्रिम नखं नकोत, नैसर्गिक नखं अर्ध्या सेंटिमीटरहून आखूड हवीत. हात धुताना बोटांची टोकं तळव्यावर गोलाकार घासावीत. रुग्णाचा जीव जपणारी ही सवय प्रत्येक वॉर्डात रुजायलाच हवी.