घंटा मुक्या झाल्या तेव्हा

मध्ययुगीन युरोपातल्या चर्चविषयी लिहिताना बहुधा धर्मयुद्धे, पोपची संपत्ती आणि भव्य कॅथेड्रले यांपासून सुरुवात होते. मला मात्र इंग्लंडमधली १२०८ ते १२१४ ही वर्षे अधिक बोलकी वाटतात. कारण त्या काळात तिथली चर्चच बंद होती.

भांडण एका नेमणुकीचे होते. कँटरबरीचे आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टर १२०५ साली वारले. राजा जॉनला त्या जागी आपल्या मर्जीतला नॉरिचचा बिशप हवा होता, तर तिथल्या मठवासींनी गुपचूप आपल्यातलाच एक निवडला होता. पोप तिसरा इनोसंट याने दोघांनाही बाजूला सारून स्टीफन लँग्टन या विद्वानाला नेमले. जॉनने लँग्टनला देशात पाऊल ठेवू दिले नाही. तेव्हा मार्च १२०८ मध्ये पोपच्या आदेशावरून सगळ्या इंग्लंडवर ‘इंटरडिक्ट’, म्हणजे धार्मिक विधींची बंदी, लागू झाली. आपल्याकडे एखादे कुटुंब वाळीत टाकले जाई. इथे अख्खे राज्यच वाळीत पडले.

नेमके काय थांबले? तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा मिळत होता आणि मरणाऱ्याला पापांची कबुली देता येत होती. सूट एवढीच. लोकांसाठीची मिस्सा थांबली, घंटा थांबल्या. घंटेचे आज काही वाटणार नाही. पण ज्या गावात घड्याळ नव्हते, तिथे दिवसाची वेळ तीच सांगे. सर्वांत जिव्हारी लागले ते दफन. चर्चच्या आवारातल्या पवित्र भूमीत, आपल्या आईबापांजवळ निजावे आणि अंतिम दिवशी त्यांच्यासोबतच उठावे, ही साध्या माणसाची आस. ते आवारच बंद झाले. रॉजर ऑफ वेंडोव्हर हा बखरकार लिहितो, की प्रेते गावाबाहेर नेऊन रस्त्यांत आणि चरांत, प्रार्थनेविना पुरली जात. (हा गृहस्थ मठवासी आणि जॉनचा कडवा टीकाकार, तेव्हा रंग थोडा भडक धरावा.)

आणि राजा? १२०९ मध्ये त्याला व्यक्तिशः बहिष्कृत केले गेले, पण त्याची तिजोरी उलट भरली. बंदी लागताच त्याने चर्चच्या मालमत्ता जप्त केल्या आणि अनेक धर्मगुरूंनी पैसे मोजून त्या सोडवल्या. ब्रह्मचर्य पाळायला हवे अशा पाद्र्यांनी घरात ठेवलेल्या बायकाही त्याच्या माणसांनी धरल्या आणि दंड घेऊन सोडल्या! प्रजा मात्र या बंदीपायी राजावर उठली नाही.

हे मला महत्त्वाचे वाटते. चर्च जन्ममरणात मुरलेले होते, म्हणूनच त्याचे हत्यार सामान्यांना लागले. ज्याच्यावर उगारले तो वर्षानुवर्षे निभावून गेला. जॉन नमला तो मे १२१३ मध्ये, फ्रान्सचा राजा फिलिप स्वारीच्या तयारीत होता आणि आपल्याच सरदारांचा भरवसा उरला नव्हता तेव्हा. त्याने इंग्लंड आणि आयर्लंड पोपच्या चरणी वाहिले आणि वर्षाला १००० मार्क देण्याच्या बोलीवर मांडलिक म्हणून परत घेतले.

जुलै १२१३ मध्ये लँग्टननेच राजाला बहिष्कारातून मुक्त केले. प्रजेवरची बंदी मात्र आणखी जवळजवळ वर्षभर, जुलै १२१४ पर्यंत, तशीच राहिली. चर्चला द्यायच्या नुकसानभरपाईचा हिशेब तोवर मिटला नव्हता.